आईने निवडलेले शब्द

रोज एक शब्दकोडे, तेही मराठीत आणि विनामूल्य, असा एक लहानसा खेळ आम्ही दोघे भावंडे गेली काही वर्षे चालवीत आहोत. रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या आवारात ओळखीची माणसे थांबवून विचारतात, ‘‘हे तुम्हांला सुचले कसे? यातून मिळते काय?’’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे आणि दुसऱ्याचे त्याहून सोपे. काहीच मिळत नाही. परंतु या खेळासंबंधी एक हकिकत आम्ही आजवर कोणाला सांगितलेली नाही. ती आमच्या आईविषयी आहे आणि तीत आमचा मान वाढावा असे काही नाही. आईची परवानगी घेऊनच ती येथे लिहीत आहोत. लिहिताना ‘मी’ कोणी म्हणावे यावर आमचे एकमत होईना, म्हणून ‘आम्ही’. आमच्यांतील थोरली शाळेत मराठी शिकवते. धाकटा विरार लोकलने रोज मुंबईला जाऊन संगणकावर पोट भरतो.

मूळ कल्पना आमची नव्हे. जॉश वॉर्डल नावाचे एक वेल्श संगणकतज्ज्ञ न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात राहत. पाच इंग्रजी अक्षरांचा एक लपलेला शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा, असा एक खेळ त्यांनी २०१३ साली करून पाहिला होता आणि बाजूला ठेवून दिला होता. पुढे करोनाच्या दिवसांत ते आणि त्यांच्या सहचारिणी पलक शाह वर्तमानपत्रातील शब्दकोड्यांत रमले, तेव्हा तो जुना खेळ त्यांनी पुन्हा हाती घेतला. तोही मुख्यतः पलक यांच्यासाठी. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या आसपास निघतात आणि त्यांतील बहुसंख्य शब्द कोणाच्या ओळखीचे नसतात. पलक यांनी एकेक शब्द पाहून ओळखीचा, अर्धवट ओळखीचा आणि अनोळखी अशी त्यांची वर्गवारी केली. त्यातून सुमारे अडीच हजार शब्द उरले. या खेळाच्या यशाची कारणे लोक नाना परींनी सांगतात; आमच्या मते खरे काम या निवडीत झाले. ज्याला हरावे लागते त्यालाही उत्तर पाहून ‘अरे, हा तर मला ठाऊक होता’ असे वाटले पाहिजे. तसे वाटले नाही तर तो उद्या परत येत नाही.

‘वर्डल’ ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला नव्वद माणसे तो खेळली. २ जानेवारी २०२२ रोजी ही संख्या तीन लाखांवर गेली आणि त्याच महिन्यात वीस लाखांवर. जाहिरात नाही, नावनोंदणी नाही, दिवसाला एकच शब्द, आणि तो सगळ्या जगाला सारखा. न्यूझीलंडमधील काही खेळाडू आपले निकाल रंगीत चौकोनांनी एकमेकांना कळवीत, म्हणजे उत्तर फुटत नसे आणि फुशारकीही मारता येई. ते पाहून वॉर्डल यांनी डिसेंबरात ती सोय खेळातच करून दिली. ३१ जानेवारी २०२२ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो खेळ विकत घेतल्याचे जाहीर केले. किंमत दहा लाख डॉलरांच्या वर होती, एवढेच सांगण्यात आले. याच वर्तमानपत्राने १९२४ साली शब्दकोड्यांच्या वेडाची वेळेचा पापी अपव्यय म्हणून संभावना केली होती आणि १९४२ साली स्वतःच कोडे छापावयास आरंभ केला होता, हे आठवले की गंमत वाटते.

त्या जानेवारीत धाकटा रोज रात्री जेवणानंतर हा खेळ खेळे. आई शेजारी बसून रंग पाहत असे. आई सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी तिला येत नाही, परंतु हिरवा रंग आला की काहीतरी बरे झाले, इतके तिला लगेच उमगले. एके दिवशी ती म्हणाली, ‘‘आपल्या भाषेत नाही का असलं काही?’’ (घरी ती सामवेदीत बोलते, येथे तिचे बोलणे सर्वांना समजावे म्हणून प्रमाण मराठीत दिले आहे.) आम्ही म्हणालो, ‘‘एका रविवारी करून टाकू.’’

एक रविवार नव्हे, अकरा रविवार लागले. इंग्रजीची अक्षरे सव्वीस. मराठीत एका व्यंजनाची बाराखडी मोजली तरी बारा रूपे होतात. चौतीस व्यंजनांची चारशेवर. त्यांत जोडाक्षरे आली की मोजदाद सोडूनच द्यावी. संगणक तर अक्षर म्हणजे काय हेच मुळी वेगळे समजतो. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसते. संगणकाच्या पोटात त्याचे सहा तुकडे असतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. पहिल्या प्रयत्नात धाकट्याने नेहमीच्या पद्धतीने अक्षरे मोजली, तेव्हा ‘स्त्री’ सहा अक्षरी ठरली आणि ‘नवरा’ चार अक्षरी. थोरली पोट धरून हसली. मग ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील फरक यंत्राला शिकवावा लागला.

खेळ चार अक्षरी शब्दांचा करावयाचे ठरले. तीन अक्षरांत निव्वळ नशिबाचा भाग फार येतो. प्रयत्न सहांऐवजी आठ दिले. तरीही पहिल्या चाचणीत घरातील कोणालाच एकही शब्द सुटेना, कारण ‘का’ लिहिले आणि उत्तरात ‘की’ असले तर यंत्र सरळ ‘चूक’ म्हणून मोकळे होई. मग व्यंजन बरोबर, स्वर चुकला, अशासाठी अर्धा रंगलेला चौकोन काढला. त्या अर्ध्या चौकोनाने खेळ उभा राहिला. अक्षरे कशी उमटवायची हा प्रश्न आईने सोडवला. मोबाइलवर देवनागरी लिहिण्याची बहुतेकांना सवय नसते. ती म्हणाली, ‘‘पाटीवर लिहायचो तसं ठेवा. क दाबला की ककाची सगळी बाराखडी खाली येऊ दे.’’ तीच रचना आजही आहे.

उरली शब्दांची यादी. मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने सर्वांना पाहता येईल अशी ठेवलेली आहे. तिच्यात साठ हजारांच्या घरात शब्द आहेत. त्यांतून आणि थोरलीच्या शालेय पुस्तकांतून आम्ही साडेतीन हजार चार अक्षरी शब्द वेचले, जुने अनुस्वार काढून ते १९६२ नंतरच्या शुद्धलेखनात आणले आणि छापून आईपुढे ठेवले. पलक शाह यांचे काम आमच्या घरी आईने करावे, अशी योजना होती. दुपारची भांडी झाली की ती ओट्यावर बसे. ठाऊक असलेल्या शब्दापुढे बरोबरची खूण, नसलेल्यापुढे फुली, आणि ऐकलाय पण सांगता येत नाही त्याला गोल. ‘पायवाट’ला खूण, ‘करवंद’ला खूण, ‘पाणवठा’ला खूण. पोर्तुगीजांकडून आलेल्या ‘बिजागरी’लाही ठसठशीत खूण. पुस्तकी, संस्कृत वळणाच्या शब्दांवर फुल्यांचा पाऊस. थोरलीच्या आवडीचे कितीतरी शब्द असे कटाप झाले. काही ठिकाणी आई समासात स्वतःहूनही एखादा शब्द लिही. अखेर नऊशे चाळीस शब्द उरले. ते धाकट्याने पत्त्यांसारखे पिसून टाकले, म्हणजे कोणत्या दिवशी कोणता शब्द येणार हे आम्हांलाही ठाऊक राहू नये. १८ एप्रिल २०२२, ईस्टरनंतरचा सोमवार, या दिवशी पहिला शब्द गेला. त्या दिवशी अकरा जण खेळले आणि ते अकराही आमचे नातेवाईक होते.

वाढीची कथा थोडक्यात सांगतो, कारण तीत आमचे कर्तृत्व थोडे आहे. आतेभावाने चौकोन कुवेतला धाडले. कुवेतहून ते कोणाच्या तरी पुण्याच्या विहिणीकडे गेले. थोरलीच्या सहशिक्षकांनी ते आपापल्या गावी नेले. पावसाळा लागेपर्यंत रोजचे चारशे खेळाडू झाले आणि पुढे एका काळी सहा हजार. सगळा खेळ एका पानात मावतो. कोणाचे नाव नाही, पत्ता नाही. निकाल ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये राहतो. त्यामुळे वर्षाचा खर्च हजार रुपयांच्या आत भागतो. एकदा एका गृहस्थाचा दूरध्वनी आला. खेळाखाली पैसे लावून खेळायच्या रमीची जाहिरात लावाल तर महिना बरी रक्कम देऊ, म्हणाले. आईने ऐकले आणि विचारले, ‘‘म्हणजे शब्द सुटला की लगेच पत्ते?’’ विषय तेथेच संपला. (ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने असल्या पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाच केला.)

आता त्या दिवसाविषयी. ऑगस्ट २०२२. पहाटे साडेपाचच्या सुमारास धाकट्याचा मोबाइल वाजू लागला तो थांबेना. त्या दिवसाचा शब्द होता ‘बावखल’.

वसईच्या वाचकाला बावखल समजावून सांगणे म्हणजे त्याचा अपमान आहे, परंतु हे त्रैमासिक दूरवरही जाते म्हणून लिहितो. बावखल म्हणजे वाडीच्या, घराच्या कडेचे गोड्या पाण्याचे लहान तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, मुरते, आसपासच्या विहिरींना पुरते. समुद्र इतका जवळ असूनही आमच्या विहिरींचे पाणी गोडे राहिले त्यात या बावखलांचा वाटा मोठा. कपडे धुणे, गुरांना पाणी पाजणे, पोरांचे पोहायला शिकणे, सगळे तेथेच. गेल्या काही दशकांत जमिनीला भाव आला आणि कितीतरी बावखले मातीने बुजवून त्यांवर बांधकामे झाली. आईच्या माहेरचे बावखल असेच गेले. आता तेथे एका इमारतीच्या गाड्या उभ्या असतात.

हा शब्द आमच्या छापील यादीत नव्हता. आईने तो ‘पाणवठा’च्या शेजारी समासात हाताने लिहिला होता. धाकट्याने यादी उतरवताना तोही उतरला; आम्हां दोघांनाही त्यात वावगे वाटले नाही, कारण आमच्यासाठी तो रोजचाच शब्द.

परंतु पुणे, नाशिक, नागपूरकडचे लोक आठही प्रयत्न हरले. एका निवृत्त शिक्षकांची एकशे बारा दिवसांची अखंड मालिका तुटली. ‘हा मराठी शब्दच नाही’, ‘शालेय कोशात पाहिले, सापडत नाही’, ‘अशुद्ध शब्द देऊन लोकांचा वेळ घेऊ नये’, अशी पत्रे येऊ लागली. एकाने लिहिले, ‘खेळ चालवणाऱ्यांना आधी मराठी शिकवा.’ हे वाक्य थोरलीला फार लागले. वीस वर्षे मराठी शिकवणारी ती! आम्ही घाबरलो, हे कबूल केले पाहिजे. गाडीत उभ्या-उभ्याच धाकट्याने दुपारच्या आत तो शब्द काढला आणि त्या जागी ‘दरवाजा’ बसवला. हरलेल्यांच्या मालिका परत जोडून दिल्या. खाली एक ओळ लिहिली, ती थोरलीने सांगितली: ‘आजच्या शब्दात चूक झाली होती. क्षमस्व.’ संध्याकाळपर्यंत सगळे शांत झाले. आभाराचीही पत्रे आली. संकट निभावले म्हणून आम्ही एकमेकांचे कौतुक केले.

सकाळी आईलाही एक दूरध्वनी आला होता, हे आम्हांला पुष्कळ नंतर कळले. शेजारगल्लीतील तिची बालमैत्रीण सातच्या सुमारास आनंदाने ओरडत होती, ‘‘अगं, तुझ्या पोरांच्या खेळात आज बावखल आलंय, बावखल!’’ आई रोज दुपारी तीनला खेळते. त्या दिवशी तिने पहिल्याच ओळीत बा, व, ख, ल अशी अक्षरे भरली. चारांपैकी फक्त ‘व’ला अर्धा रंग आला, कारण ‘दरवाजा’त तो काना घेऊन बसला होता. मग तिने खालची ओळ वाचली.

ती काहीच बोलली नाही. तेव्हा दुसऱ्या खेपेचे दोन हजार शब्द तिच्याकडे निवडायला दिलेले होते. त्यांच्यावरच्या खुणा त्या आठवड्यात थांबल्या. विचारले तर म्हणे, ‘‘डोळे दुखतात.’’ एक महिना गेला, दोन गेले. आम्ही तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासून सांगितले की वयाच्या मानाने नजर उत्तम आहे, चष्म्याचा नंबरही बदललेला नाही. घरी परतताना रिक्षात ती बाहेर पाहत राहिली. आम्हांला तरीही काही कळले नाही. शब्द वर्षानुवर्षे पुरणार होते, घाई नव्हती. आम्ही तो विषय सोडून दिला.

मार्च २०२३ मध्ये थोरली चादरी काढण्यासाठी आईचे कपाट उघडते तो घड्यांखाली कागदांचा गठ्ठा. पहिली चाळीस पाने खुणांनी भरलेली, पुढची कोरी. शेवटची खूण ज्या पानावर होती त्यावर आईच्या सवयीप्रमाणे तारीख होती. बावखलाच्या आदल्या दिवसाची.

त्या रात्री आम्ही दोघे तिच्यापुढे बसलो. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, ‘‘शब्द अवघड होता म्हणून काढला असतात तर मी काही म्हटलं नसतं. तुम्ही लिहिलंत, चूक झाली.’’ आम्ही सांगू लागलो की लोक रागावले होते, कोशात नव्हता, खेळ मोडला असता. ती म्हणाली, ‘‘कोश लिहिणारा आपल्या बावखलावर आला नसेल. त्यात माझी काय चूक?’’ आणि थोड्या वेळाने, ताटलीतला खडा बाजूला काढीत, ‘‘पाणी तर बुजवलंच. तुम्ही नावही बुजवलंत.’’

थोरलीला त्या रात्री झोप लागली नाही. वर्गात मुले घरचा शब्द बोलली की ती हळूच प्रमाण शब्द सुचवते, तिचे ते कामच आहे; परंतु वीस वर्षांत किती जणांना आपण ‘चूक’ म्हटले असेल, हे तिने पहिल्यांदाच मोजायला घेतले. धाकट्याचे दुःख निराळे होते. तो म्हणे, आपण हा खेळ आईसाठी केला आणि पहिल्या संकटात आईलाच बाहेर काढले. सहा हजार अनोळखी माणसांची मर्जी आपल्याला एका ओळखीच्या माणसापेक्षा जड वाटली. विनामूल्य खेळातही नफ्याची हाव असू शकते, फक्त ती रुपयांत मोजता येत नाही. यावर आमचा वाद झाला, कारण थोरलीच्या मते खेळाडूंची तक्रार अगदीच खोटी नव्हती. ज्याने शब्द कधी ऐकलाच नाही त्याला तो ओळखता येणार कसा? पलक शाह यांची चाळणी याच न्यायावर उभी होती. तिचे म्हणणे आजही आम्हांला पटते. प्रश्न एवढाच, की कोणाच्या ओळखीचा शब्द सर्वांच्या ओळखीचा धरायचा, हे ठरवताना आम्ही आईला चाळणी हाती दिली आणि मग तिचाच दाणा फेकून दिला.

मग दोन बदल केले. शब्द सुटो वा न सुटो, खाली त्याचा अर्थ दोन ओळींत द्यावयाचा. तो आई सांगते आणि थोरली लिहून घेते. आणि महिन्यातील शेवटच्या रविवारी कोठल्या तरी एका भागाचाच असलेला शब्द ठेवावयाचा. त्या दिवशी प्रयत्न दहा, पहिले अक्षर उघडे, आणि हरले तरी मालिका तुटत नाही. आईला कागद परत दिले. तिने ते लगेच हाती घेतले नाहीत. पुढच्या आठवड्यात गठ्ठा ओट्यावर दिसला, आम्ही त्याबद्दल बोललो नाही.

जूनच्या शेवटच्या रविवारी, पहिल्या पावसात, ‘बावखल’ पुन्हा गेला. खाली अर्थ होता, आणि ‘गेल्या वर्षी हा शब्द आम्ही चूक म्हणून काढला होता, तो बरोबर होता’ अशी एक ओळ. ही ओळ धाकट्याने लिहिली. रागाची पत्रे या वेळीही आली, पंधरा-वीस. ते निवृत्त शिक्षक मात्र या वेळी सातव्या प्रयत्नात जिंकले होते आणि त्यांनी तसे आवर्जून कळवले. इतर पत्रांत लोकांनी आपापल्या गावचे पाणी पाठवले होते. मराठवाड्यातून कोणी बारवेबद्दल लिहिले. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाताना लहानपणी कशी भीती वाटे, हे एका बाईंनी दोन पाने भरून सांगितले. घाटावरून एकाने आड लिहून पाठवला. भंडाऱ्याकडच्या एका शेतकऱ्याने लिहिले, ‘आमच्या धानाच्या बांध्यांना पाणी देणाऱ्या लहान तळ्याला आम्ही बोडी म्हणतो. तुमचे बावखल वाचून ती आठवली. आमचीही आता गाळाने भरत आली आहे.’

ही पत्रे थोरलीने आईला वाचून दाखवली. बोडीचे पत्र तिने दोनदा वाचायला लावले. मग विचारले, ‘‘हा शब्द कधी घालणार?’’

‘‘आई, दोनच अक्षरं आहेत. बसत नाही आपल्यात,’’ धाकटा म्हणाला.

पहिले नऊशे चाळीस शब्द नोव्हेंबर २०२४ मध्ये संपले. तेव्हापासून दुसऱ्या गठ्ठ्यातील शब्द चालू आहेत आणि आई तिसऱ्याला लागली आहे. तिच्याजवळ आता एक वहीही असते. खेळात न बसणारे शब्द ती तीत लिहून ठेवते. पहिल्या पानावर पहिला ‘बोडी’ आहे, पुढे कंसात ‘भंडारा’.